गोग्रास

चैत्र लागला आणि तांबूनं मागचे पाय टाकले.

आधी नुसती लंगडत होती. बरखेड्याच्या कॉलनीत सकाळी सोडली की भाजीच्या गाड्यांमागं हिंडून ती दुपारी आपणहून क्वार्टरच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. पाडव्याच्या आदल्या दिवशीही आली, पण मागचा पाय डांबरावरून फरफटवत. पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करून सिंधू मागच्या अंगणात गेली, तर तांबू शेणातच बसलेली.

"ऊठ गं बाई. सणाच्या दिवशी असं बसतात का?"

तांबूनं पुढचे पाय रोवले, मान ताणली, पण मागचं धूड जागचं हललं नाही. तिच्या घशातून असा काही आवाज आला की सिंधू हातातलं सगळं टाकून "अहो!" करत घरात पळाली. पळाली म्हणजे काय, तिचे स्वतःचे गुडघे तिला कैक वर्षं पळू देत नव्हते. भिंत धरत, एकेक पाय ओढत गेली.

काशिनाथ कारखान्यात फिटर. नाशिककडून पोरवयात या हिंदी मुलखात नोकरीला आलेला, आता निवृत्तीला आलेला. रेल्वेच्या डब्याएवढाली यंत्रं साखळीनं उचलून त्यानं जागेवर बसवली होती. एक गाय उभी करणं त्याला काय जड. कुणाकडून तरी चेन-पुली आणली, शेडच्या गर्डरला टांगली, गोणपाट दुहेरी शिवून त्याचे पट्टे तांबूच्या पोटाखालून घातले आणि साखळी ओढू लागला. तांबू इंचाइंचानं वर आली. खूर जमिनीला लागले. क्षणभर दोघांना वाटलं, उभी राहिली. मग मागचे पाय ओल्या लुगड्यासारखे दुमडले, सगळं वजन पट्ट्यांवर आलं आणि तिनं डोळे फिरवले.

"सोडा हो, सोडा! जीव घ्याल तिचा!"

काशिनाथनं साखळी उलटी ओढली, गाय हळूच खाली ठेवली, आणि तिथंच शेणात मांडी घालून बसला. शेजारचे क्वार्टर रिकामे पडलेले, दारं-खिडक्या कुणी काढून नेलेल्या. तिथल्या पिंपळावरचे कावळे शेडच्या पत्र्यावर येऊन बसू लागले होते. सिंधू दिवसभर काठी घेऊन त्यांना हाकलायची.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात काशिनाथ सायकलवर दोनदा जाऊन आला. डॉक्टर दौऱ्यावर होते. लेकीनं, वंदनानं सांगितलेलं, गिधाडांना न बाधणारं औषध संपलेलं होतं; येईल, येईल असं सांगत होते. मग पलीकडच्या गावातला रमेश आला. खाजगीत जनावरांना सुया टोचत फिरायचा. मोटरसायकल फाटकाशी लावून तो तांबूभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काका, एक सुई. शाम तक खड़ी न हो तो मेरा नाम बदल देना."

"कौनसी सुई?"

"अरे वही. जो सब लगवाते हैं."

"वो नहीं," काशिनाथ म्हणाला. "तिच्यावर बंदी आहे. और मेरी बेटी गिद्ध के सेंटर में है."

रमेश हसला. आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या, त्यांच्याकडं बघत म्हणाला, "सुनो! गाय तड़प रही है, और इनको गिद्धों की पड़ी है. घर में माँ बीमार हो तो भी कौए से पूछोगे क्या?"

बाया हसल्या. एकजण हसता हसता पदर तोंडाला लावून थांबली, ते सिंधूला जास्त लागलं.  रमेशची मोटरसायकल गेल्यावर काशिनाथनं बादली उचलली आणि तांबूच्या अंगाखालचं ओलं धुवू लागला.

वंदना त्यांची एकुलती एक. गिधाड केंद्रात लागून तिला बरीच वर्षं झाली होती. अंड्यातून निघालेलं पिल्लू तिथं जाळीच्या खोलीत वाढायचं, आणि त्याला वाढवणाऱ्यांत वंदना. गिधाडं जगातूनच चालली आहेत, हे तिनं आईबापांना इतक्यांदा सांगितलं होतं की सिंधूला ते पाठ झालं होतं. गाईला एक दुखण्याची सुई देतात. गाय मेली की गिधाड ती खातं, आणि गिधाडाची मूत्रपिंडं जातात. मान खाली घालून दोन-तीन दिवस बसतं आणि फांदीवरून पडतं. म्हणून गावोगाव फिरून सांगायचं, सुई लावू नका. वंदनाच्या केंद्रानं भिंतींवर लिहवून घेतलं होतं, सुई. सभांत सांगत, सुई. सिंधू वंदनाच्या डब्याला पोळ्या लाटता लाटता शेजारणींना सांगायची, सुई.

आता केंद्रातली सहा गिधाडं पहिल्यांदा मोकळी सोडली होती. धरणापलीकडच्या पठारावर मोठा पिंजरा बांधून, महिनोन्महिने त्यांना तिथलं ऊन-वारं दाखवून, मग दार उघडलेलं. वंदना तंबू ठोकून तिथंच राहिली होती. संध्याकाळी एका खडकावर चढून फोन करायची. तिथंच काय ती रेंज.

"आई, बाहेर तर पडलीत गं. पण खात नाहीयेत. आम्ही बकरं टाकलं, बघतात आणि तोंड फिरवतात. ठकी तर पिंजऱ्याच्या छपरावर जाऊन बसलीय, जशी काय आत घ्यायची वाट बघतेय."

ठकी तिनं हातानं वाढवलेली मादी.

"मग गं?"

"मोठं जनावर पाहिजे. मोठ्या ढोरावर रानातली गिधाडं उतरतात. ती उतरली की त्यांच्या मागोमाग आमची उतरतील. एकमेकांचं बघूनच शिकतात. पण औषध न दिलेलं मोठं जनावर आणायचं कुठून? सर रोज चार गावं फिरतायत." मग आवाज बदलून, "तांबू कशीय?"

"तशीच," सिंधू म्हणाली.

तशीच नव्हती. कुशीवर जखम झाली होती. काशिनाथ कामावरून आला की दोघं मिळून तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत. तो खांद्यानं रेटायचा, सिंधू शेपटीकडून गोणपाट ओढायची, आणि तांबू कण्हायची. दुपारी सिंधू एकटी असताना ते कण्हणं स्वयंपाकघरात यायचं, देवघरात यायचं. तिनं पोथी उघडली तरी ओळीवर नजर ठरेना. "रामा," ती म्हणायची, "तू तरी उचल हिला."

देव लगेच कुठं उचलतो?

सिंधूचा रोजचा नेम होता. पहिली पोळी तांबूची. गूळ लावून, हातानं भरवायची, मग बाकीच्यांनी जेवायचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं घालून दिलेला गोग्रास. पंचमीच्या सकाळी ती पोळी घेऊन शेडमध्ये बसली, आणि बसताना तिच्याच गुडघ्यातून कळ गेली. तोंडातून "आई गं" निघालं. तांबूनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"तुझंही तेच, माझंही तेच," सिंधू म्हणाली.

मग ती उठून आत गेली. फळीवर डिस्पेन्सरीतून आणलेल्या तिच्या गोळ्या होत्या. गुडघा उठला की एक घ्यायची, अर्ध्या तासात बरं वाटायचं. माणसाला एक, तर एवढ्या धुडाला किती? तिनं सबंध पाकीट फोडलं, गोळ्या गुळात कालवल्या, पोळीत गुंडाळल्या आणि तांबूच्या तोंडात दिल्या. मनात कसली शंका म्हणून आली नाही. सुईला बंदी होती, आणि सुई तिच्या नवऱ्यानं दारातून परत पाठवली होती.

तासाभरात कण्हणं थांबलं. तांबूनं चार काड्या वैरणही चघळली. सिंधूला रडू आलं. संध्याकाळी दुसरं पाकीट दिलं, दुसऱ्या दिवशी आणखी दोन दिली. फळीवरचं संपलं.

"आज शांत आहे गं," काशिनाथ तांबूच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला.

"रामाची कृपा," ती म्हणाली. ती काही लपवत नव्हती. स्वतःच्या तोंडचा घास गाईला दिला, तो बोलून कशाला दाखवायचा, एवढंच.

सप्तमीला पहाटे तांबू गेली. शांत गेली.

कॉलनीच्या मारुती मंदिरात रामाच्या नवरात्राची कीर्तनं चालू होती. ग्वाल्हेरचे विनायकबुवा आले होते. आवाज असा की पेटीवाल्याला सूर धरायला धाप लागायची. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या पक्ष्याची कथा लावली होती, ज्याला रामानं मांडीवर घेतलं आणि बाप मानून अग्नी दिला. "अरे, पंख तुटले," बुवा एक पाय पुढं टाकून, उपरणं सावरत म्हणाले होते, "पंख तुटले, पण चोच रावणाच्या रथावर! देह असतो कशासाठी? झिजवण्यासाठी. आणि झिजवूनही उरला, तर देऊन टाकण्यासाठी!" झांजा वाजल्या. काशिनाथनं डोळे पुसले होते.

तो आता मेलेल्या गाईजवळ उभा राहिला. गाईला पुरायची रीत होती, मीठ घालून, वर तुळस लावून.

"सिंधू," तो म्हणाला, "हिला वंदनाच्या पाखरांना देऊ या."

सिंधू बघतच राहिली. मग तिलाही ते पटलं. पटलं म्हणजे अंगावर काटाच आला. रामानं मांडीवर घेतलेल्याची लेकरं ती, आणि उपाशी. तिनं तांबूच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, शिंगांना हात लावून नमस्कार केला.

काशिनाथनं फोन लावला.  वंदना म्हणाली, "बाबा, खरं सांगा. सुई?"

"तुझ्या आईची शपथ. टोचू दिली नाही."

केंद्राच्या सुरेश सरांनीही विचारलं. मांस तपासायला पाठवलं तर उत्तर यायला आठवडा, आणि चैत्राच्या उन्हात जनावर दुसऱ्या दिवशी फुगतं. "वंदना, तुझा शब्द?" त्यांनी विचारलं. वंदना म्हणाली, "सर, माझ्या घरची गाय आहे."

टेम्पो आला. काशिनाथनं चेन-पुलीनंच तांबूला उचलून टेम्पोत घातलं. या वेळी साखळी ओढताना ती कण्हली नाही.

अष्टमीच्या कीर्तनात बुवांनी काशिनाथला पुढं बोलावलं. "हा पाहा, ऐकणारे पुष्कळ, करणारा एक!" म्हणून त्याच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. सुईच्या वेळी हसलेल्या बाया तिथंच बसल्या होत्या. आणि बायकांच्या मंडळानं ठरवलं, उद्या जन्माच्या पाळण्याची दोरी सिंधूकाकूंच्या हाती.

पठारावरून बातमी येत होती ती अशी : रानातली गिधाडं वर घिरट्या घालतायत, अजून उतरत नाहीत. आमची खडकावर बसून बघतायत. "आई, तोंडातलं पाणी सुकलं गं वाट बघून," वंदना म्हणाली.

नवमीला सकाळी सिंधू नऊवारी नेसली. पाळण्याजवळ तासभर खाली बसायचं म्हणजे गुडघे बोलणार, म्हणून वाटेत डिस्पेन्सरीत शिरली. सुट्टीचा दिवस, खिडकीवर एकटी शोभा होती. कॉलनीतलीच मुलगी.

"काकू, महिनाभराच्या दिल्या होत्या ना? इतक्यात संपल्या?"

"संपल्या गं."

"अशा खाऊ नका. किडन्या जातील. डायक्लोफिनॅक आहे हे, चणे-फुटाणे नाहीत."

सिंधूनं खिडकीची कड धरली.

"काय म्हणालीस?"

"डायक्लोफिनॅक. औषधाचं नाव. का हो?"

"त्याची... त्याची तर सुई असते ना?"

"सुई पण असते, गोळी पण असते. औषध तेच. काकू, बसा. पाणी देऊ?"

बाहेर ऊन लखलखत होतं. मंदिर चार पावलांवर. सिंधूजवळ फोन नव्हता, वंदनाचा नंबर पाठ नव्हता. घरी जायचं, की मंदिरात जाऊन यांना उठवायचं? ती मंदिराकडं निघाली ते यांना सांगायलाच. देवाची आण घेऊन सांगता येईल, सांगायलाच गेली होती. पण फाटकातच बायकांनी तिला गाठलं. "काकू, किती उशीर! बुवा उभे राहिले!" कुणी हाताला धरलं, कुणी गजरा माळला, आणि तिला नेऊन पाळण्याजवळ बसवलं. पुरुषांच्या पहिल्या ओळीत काशिनाथ, कपाळावर बुक्का, गळ्यात आजही हार, हात जोडलेले. दोरी तिच्या हातात आली.

आणि दोरी एकदा हातात घेतली की जन्म होईपर्यंत ती सोडायची नाही, जागेवरून उठायचं नाही, हा तिथला रिवाज. दोरी मध्येच सुटली तर कॉलनीला वर्षभर वाईट, असं म्हाताऱ्या बाया मानत.

बुवा कौसल्येचे डोहाळे गाऊ लागले. आयुष्यभर जे ऐकायला सिंधू जेवण टाकून धावली, ते तिच्या कानापाशी येऊन परत जात होतं. उठावं, असं तिला दहादा वाटलं. दोन दिवस उतरली नाहीत, एवढ्यात काय उतरतात. घटकाभराचा तर प्रश्न. आणि उठून सांगायचं काय? एवढ्या माणसांत? ह्या हार घातलेल्या माणसाला? चार पाकिटांनी एवढ्या मोठ्या धुडात काय होतंय? असं ती मनाशी म्हणत राहिली आणि तळव्याच्या घामानं दोरी भिजली.

बाराला शंख झाला. गुलाल उडाला. "जन्मला!" बायकांनी पाळणा म्हटला. सिंधूनं दोरी ओढली. ओढत राहिली.

सुंठवडा वाटत असताना काशिनाथचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला. तो गर्दीतून वाट काढत आला आणि फोन तिच्या कानाला लावला. "घे, लेकीचं ऐक."

"आई! उतरली! जेवढी वर होती सगळी! आमची पण, पाच जणं खातायत, ठकी तर आत शिरलीय पोटात डोकं घालून! आई, ऐकतेयस ना?"

मागं पंखांचा, चिरकण्याचा कल्ला ऐकू येत होता.

"वंदे," सिंधू म्हणाली, "हाकल त्यांना."

"काय?"

"हाकल. दगड मार. मी तांबूला माझ्या गुडघ्याच्या गोळ्या घातल्यात. पोळीतून. ती गोळी पण तीच आहे गं. मला आज कळलं."

पलीकडून नुसता कल्ला. मग वंदना कुणाला तरी ओरडली, "सर! सर, हटाओ! सबको हटाओ!" आणि फोन बंद झाला.

काशिनाथ समोर उभा होता. मुठीत सुंठवडा होता.  त्यानं गळ्यातला हार काढला, कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत दोघं पठारावर पोचली. पोट भरलेलं गिधाड जड होतं, त्याला धड उडता येत नाही; पाचांतली चार त्यामुळंच हाती लागली होती. पाचवं कड्याखाली उतरलं ते उतरलंच. रानातली, पोटभर खाऊन, आपापल्या कड्यांवर गेली होती. ती किती होती आणि कुठं गेली, कुणाला सांगता आलं नाही. तांबूचे बरगड्यांचे वासे तेवढे उरले होते. केंद्राची माणसं खड्डा खणत होती. काशिनाथ कुणी न सांगता त्यांच्यात गेला, एकाच्या हातची कुदळ घेतली आणि खणू लागला.

तंबूत सुरेश सर एका पक्ष्याच्या पायात सलाइनसाठी शीर शोधत होते. धरायला माणूस कमी होता. वंदनानं वर न बघता ठकीला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"पंख दाबून धर. चोचीपासून तोंड लांब ठेव."

सिंधूनं आयुष्यात गिधाड कधी हातात घेतलं नव्हतं. उग्र वास, आणि पिसांखाली तापलेल्या तव्यासारखं अंग. ठकी तिच्या नऊवारीवर ओकली. त्यातला मांसाचा तुकडा सिंधूनं ओळखला, म्हणजे ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तिनं ओळखला. ती हलली नाही.

पहिला दिवस ठकी मान वर करून होती. दुसऱ्या दिवशी मान हळूहळू खाली येऊ लागली, डुलकी लागलेल्या माणसासारखी. वंदना बोटानं ती वर करायची, पुन्हा खाली यायची. "ठके, ए ठके," म्हणायची. आईशी एक अक्षर बोलली नाही. सिंधू नामस्मरण करत होती; मोठ्यानं म्हणायची तिला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ठकी गेली. सरांनी तिला फाडून दाखवलं, आत सगळ्यावर चुना फासल्यासारखं पांढरं. आणखी तीन गेली. कड्याखालचं शोधून आणलं, तेही मेलेलं. तांबूकडं न गेलेलं एक तेवढं उरलं.

"तू म्हणालीस म्हणून घेतली मी गाय," सुरेश सर वंदनाला म्हणाले. रागावून नाही. माणूस चांगला होता, आणि फार थकला होता. "आता काही दिवस तू पक्ष्यांकडं नको. गावांचं काम बघ."

"हो, सर," वंदना म्हणाली.

घरी आल्यावर काशिनाथ कामावर जाऊ लागला. मंदिराच्या वाटेनं जाईना, लांबच्या फाटकानं जाई. सिंधूशी बोलायचा, पण वाढ, पुरे, एवढंच. एका सकाळी वंदना गावांकडं निघाली, तेव्हा सिंधू चपला घालून दारात उभी.

"मी येते."

वंदना थांबली. "कशाला?"

"तुम्ही सुई सुई म्हणत फिरता. गोळीचं कोण बोलतं? मला तरी कुठं माहीत होतं?"

वंदनानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या गुडघ्यांकडं. स्कूटी चालू केली आणि मागं बसायला जागा सोडली.

पठाराच्या पायथ्याचं गाव. सारवलेलं अंगण, दावणीला दोन म्हशी, एक वासरू. म्हातारी घरमालकीण हसून म्हणाली, "सुई तो हम लगवाते ही नहीं, दीदी. पिछली बार बता गई थीं ना."

"और गोली?" सिंधूनं विचारलं. "घुटने की?"

म्हातारीचं हसू गेलं. ती म्हशींकडं बघू लागली. "बाई, जानवर रोता है तो क्या करें? अस्पताल दूर है. जो घर में हो, दे देते हैं." मग एकदम चिडून म्हणाली, "आपने कभी गाय पाली है? आपको क्या पता?"

अंगणात आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. सिंधूचे ओठ हलले, पण हिंदीत ते कसं सांगावं, तिला सुचेना. मराठीतही सुचलं नसतं.

"ये मेरी माँ हैं," वंदना म्हणाली. नवमीनंतर तिनं आईला आई म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. "पाँच गिद्ध मरे हैं हमारे. जंगल के कितने, पता नहीं. इन्होंने गाय को गोली खिलाई थी. अपने हाथ से, रोटी में."

 बाया सिंधूकडं बघत राहिल्या. तिनं डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला, त्यांना तोंड नीट दिसावं म्हणून.

"कौनसी गोली," शेवटी म्हातारी म्हणाली, "दिखाओ तो."

सिंधूनं पिशवीतून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. म्हातारी आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन पाकिटं होती, शेजारी शेजारी धरलेली. एकाच रंगाची.

पुढचं घर चढावर होतं. वाटेवर सुटे दगड. वंदना पुढं चालली होती. थोडं अंतर जाऊन ती थांबली, मागं न बघता तिनं हात मागं केला, आणि सिंधूनं तो धरला. चढ संपल्यावर वंदनानं तो सोडून घेतला आणि फाटकाची कडी वाजवली.

"कौन?" आतून आवाज आला.

"सेंटर से," वंदना म्हणाली. "साथ में मेरी माँ हैं."